छोट्या मिलिंग यंत्राची तुटलेली दंतचक्रे



पोटासाठी नव्हे तर केवळ हौसेखातर ज्याला धातुकामाचा छंद जडला, वाफेच्या इंजिनाची लहानशी प्रतिकृती, दुर्बिणीची बैठक किंवा बाजारातून कायमचा नाहीसा झालेला एखाद्या जुन्या यंत्राचा सुटा भाग आपल्या हातांनी घडवावा असे ज्याला मनापासून वाटते, त्याच्या घरी लेथच्या पाठोपाठ येणारे यंत्र बहुधा मिलिंगचे असते. आणि ते आले म्हणजे आज ना उद्या, काम ऐन रंगात असताना, यंत्राच्या डोक्यातून एक कोरडा कडकड असा आवाज निघतो, मोटार फिरत राहते आणि कटर मात्र धातूत रुतून जागच्या जागी उभा राहतो. गिअरपेटीतल्या दंतचक्राचे दाते गेलेले असतात. या प्रसंगी काय करावे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काय करण्याची घाई करू नये, याविषयी मी आज बोलणार आहे.

उदाहरणासाठी जगभरच्या हौशी कारागिरांत अतिशय प्रसार पावलेले एक यंत्र घेऊ. शांघायच्या सीग कंपनीचे ‘एक्स-टू’ हे टेबलावर मावणारे मिलिंग यंत्र अमेरिकेत, इंग्लंडात आणि इतरत्र निरनिराळ्या विक्रेत्यांच्या नावांनी व निरनिराळ्या रंगांत विकले गेले आहे. मोटार आणि स्पिंडल यांच्यामध्ये त्यात दोन वेगांची गिअरपेटी असते. मंद वेगात स्पिंडल मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे १,१०० फेरे घेतो, जलद वेगात सुमारे २,५००, आणि त्या मर्यादेच्या आत हवा तो वेग विजेच्या नियंत्रकाने साधता येतो. या पेटीतली काही दंतचक्रे प्लॅस्टिकची आहेत. डोक्याचे झाकण प्रथम उघडून ती पाहणारा मनुष्य बहुधा त्याच क्षणी निवाडा देऊन मोकळा होतो, की कारखानदाराने चार पैसे वाचवण्यासाठी आपली फसवणूक केली. आणि तुटलेल्या चक्राच्या जागी पोलादाचे चक्र बसविणे हेच त्याला या अन्यायाचे योग्य परिमार्जन वाटते.

हा निवाडा मला मान्य नाही. प्लॅस्टिकचे चक्र स्वस्त आहे हे खरे, ते पोलादी चक्रापेक्षा कमी आवाज करते आणि वंगणाच्या बाबतीत कमी हट्टी असते हेही खरे. परंतु त्याचा मुख्य गुण हा, की ते सर्वांच्या आधी तुटते. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या रोटाव्हेटरच्या दांड्यावर एक साधा बोल्ट मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. जमिनीतला दगड पात्यांत अडकला की तो बोल्ट कातरला जातो आणि गिअरपेटी वाचते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे, आणि त्या बोल्टच्या जागी भक्कम पोलादाचा खिळा ठोकणाऱ्या चालकाला शहाणा मालक कामावर ठेवीत नाही. मिलिंग यंत्रातही धक्का कोठेतरी जाणारच. दंतचक्राने तो घेण्याचे नाकारले तर तो दंडावरच्या चावीकडे जातो, तेथून मोटारीकडे, आणि मोटार अडली म्हणजे तिच्यातून जो बेसुमार विद्युत्प्रवाह वाहतो तो नियंत्रकातले नाजूक घटक जाळून टाकतो. दंतचक्राची किंमत आणि नियंत्रकाची किंमत यांचा हिशेब एकदा शेजारी शेजारी मांडून पाहिला म्हणजे पोलादाचा मोह पुष्कळसा ओसरतो.

म्हणून, नवे चक्र आणण्यापूर्वी जुन्याचा सावकाश पंचनामा करावा, आणि त्यासाठी तुटलेला प्रत्येक तुकडा जपून ठेवावा. तुटलेले चक्र म्हणजे एक बोलका दस्तऐवज आहे. एकदोनच दाते मुळापासून स्वच्छ उडाले असतील आणि बाकीचे धडधाकट असतील, तर तो एका अकस्मात आघाताचा परिणाम. सगळे दाते सारखेच झिजून पातळ झाले असतील, तर दोष आघाताचा नव्हे. तेथे वंगणाचा अभाव, धातूचा कीस किंवा दंडांची बिघडलेली समांतरता यांपैकी काहीतरी बराच काळ काम करीत आले आहे. दात्यांच्या केवळ कडा ठेचल्या असतील, तर यंत्र फिरत असतानाच वेग बदलण्याचा दांडा कोणीतरी ओढलेला आहे. दाते रुंदीच्या अर्ध्याच भागात तुटले असतील, तर तो दांडा आपल्या खाचेत पुरता बसलेला नव्हता आणि दोन्ही चक्रे एकमेकांना अर्धवटच भिडली होती. आणि तडा जर दात्यात नसून चावीच्या खाचेच्या टोकदार कोपऱ्यातून निघालेला असेल, तर जाणावे की सारा ताण त्या कोपऱ्यात एकवटला होता. नवे चक्र करताना तेथे थोडी गोलाई ठेवल्याशिवाय तोच प्रकार पुन्हा घडल्यावाचून राहणार नाही.

आघात झाल्याचे सिद्ध झाले, तर तो कोठून आला याचाही शोध घेतला पाहिजे. लहान यंत्रात याचे एक नेहमीचे कारण असे, की कटरचे दाते ज्या दिशेने कापत जातात त्याच दिशेने कारागीर जॉब सरकवतो. मोठ्या व भक्कम यंत्रावर या रीतीने पृष्ठभाग गुळगुळीत येतो, म्हणून तिची शिफारस पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. परंतु हौशी यंत्राच्या टेबलाच्या स्क्रूत जी ढिलाई असते, तिच्यामुळे कटर जॉबला टेबलासकट स्वतःकडे ओढून घेतो, एका दात्याने घ्यावयाचा घास एकदम कितीतरी पट मोठा होतो, आणि तो आघात क्षणार्धात गिअरपेटीत पोहोचतो. अशा यंत्रावर जॉब कटरच्या विरुद्धच सरकवावा, ज्या अक्षावर हालचाल नको तो अक्ष आवळून ठेवावा आणि कटर बोथट होण्याची वाट न पाहता तो बदलावा. एकाच पात्याचा मोठा फ्लायकटर प्रत्येक फेऱ्याला एक टोला देतो. त्याला हलकाच काप द्यावा.

आता मोजणीकडे वळू, कारण सर्वांत अधिक चुका येथेच होतात. सरळ दात्यांच्या साध्या चक्राचा बाहेरचा व्यास मिलिमीटरात मोजून त्याला दात्यांच्या संख्येत दोन मिळवून आलेल्या आकड्याने भागले, की त्या चक्राचे मॉड्यूल मिळते. २० दाते आणि २७.५ मिलिमीटर व्यास असेल, तर २७.५ भागिले २२, म्हणजे मॉड्यूल १.२५. पण इंग्लंड-अमेरिकेच्या परंपरेतली चक्रे इंचातल्या मापाने, डायमीट्रल पिचने, ओळखली जातात. तेथले २० पिचचे चक्र म्हणजे मॉड्यूलच्या भाषेत १.२७. या चक्राचा व्यास २० दात्यांना २७.९४ मिलिमीटर भरतो. दोहोंत फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी; आणि समोर असलेले चक्र झिजलेले असले तर एकाला दुसरे समजण्याचा धोका अगदी प्रत्यक्ष असतो. शिवाय दात्यांचा दाबकोन जुन्या पद्धतीचा साडेचौदा अंशांचा आहे की आजच्या रूढ पद्धतीचा वीस अंशांचा, हेही पारखावे लागते. या भानगडीतून सुटण्याचा उत्तम उपाय म्हणजे तुटलेल्या चक्राबरोबर त्याचे जोडीदार चक्रही मोजावे आणि दोन दंडांमधले अंतर घ्यावे. एकाच मॉड्यूलच्या दोन चक्रांच्या दात्यांची बेरीज मॉड्यूलने गुणून निम्मी केली म्हणजे साधारणतः तेच अंतर आले पाहिजे. हे तीन पुरावे एकमेकांशी जुळले की मगच पुढचे पाऊल टाकावे.

आजच्या दात्यांचा वक्राकार, ज्याला इनव्हॉल्यूट म्हणतात, तो दंतचक्रांसाठी सुचविण्याचे श्रेय अठराव्या शतकातला थोर गणिती लिओनार्ड ऑयलर याच्याकडे जाते. या वक्राचा गुण असा, की दोन दंडांमधले अंतर किंचित इकडेतिकडे झाले तरी वेगाचे प्रमाण ढळत नाही. हौशी माणसाच्या हातून होणाऱ्या बारीकसारीक चुकांना एवढी मुभा देणारी दुसरी भूमितीय कल्पना मला ठाऊक नाही.

चक्र तयार विकत मिळाले तर उत्तमच. ‘एक्स-टू’सारख्या प्रसिद्ध यंत्राची प्लॅस्टिकची आणि पोलादाची, दोन्ही प्रकारची चक्रे परदेशी विक्रेते पुरवतात. न मिळाले तर ते कापावे लागते, आणि येथे एक विलक्षण अडचण समोर येते: जे यंत्र दंतचक्र कापू शकते तेच नेमके बंद पडलेले असते. प्रॉव्हिडन्स येथील जोसेफ ब्राऊन याने १८६२ च्या सुमारास जे सार्वत्रिक मिलिंग यंत्र बनविले, त्याच्या विभाजक शीर्षामुळे वर्तुळाचे समान भाग पाडणे सुकर झाले; ते शीर्ष आज हौशी माणसाच्या टेबलावर आहे, परंतु फिरते स्पिंडल नाही. ज्याच्याजवळ लेथ आहे तो लेथच्या स्पिंडलवर कटर चढवून आणि विभाजक शीर्ष क्रॉस-स्लाइडवर उभ्या स्लाइडच्या आधाराने बसवून हे काम करू शकतो. विभाजक शीर्षाचा दांडा ४० वेळा फिरविला की जॉब एकदा फिरतो. म्हणून २० दात्यांना प्रत्येक दात्यासाठी दोन पूर्ण फेरे. ३७ सारखी अविभाज्य संख्या आली, तर एक पूर्ण फेरा आणि ३७ छिद्रांच्या वर्तुळावर आणखी तीन छिद्रे. प्रत्येक मॉड्यूलसाठी आठ कटरांचा संच असतो. एका रूढ क्रमवारीत क्रमांक १ चा कटर १३५ दात्यांपासून पुढे थेट सरळ रॅकपर्यंत चालतो, क्रमांक ८ चा केवळ १२ व १३ दात्यांना, आणि आपल्या २० दात्यांना क्रमांक ६ चा लागतो, जो १७ ते २० दात्यांसाठी नेमलेला आहे. दात्याची खोली मॉड्यूलच्या सव्वादोन पट, म्हणजे येथे सुमारे २.८१ मिलिमीटर.

एवढी सामग्री ज्याच्यापाशी नाही त्याने संकोच बाळगू नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्याजवळच्या भोसरीत आणि अशाच इतर औद्योगिक वसाहतींत नमुन्यावरून गिअर कापून देणारे कारागीर आहेत. मोठ्या कारखान्याला एका चक्राची मागणी क्षुल्लक वाटेल. पण या लहान शेडमधल्या मिस्त्रीला तुटलेले चक्र हातात घेऊन त्यावर अंगठा फिरविताना पाहिले म्हणजे आपल्या प्रांतातली यंत्रविद्या कोठे जिवंत आहे हे कळते, आणि तिचा योग्य सन्मान आपण करीत नाही याची मला नेहमी खंत वाटते.

द्रव्य कोणते घ्यावे? नायलॉन चिवट आहे, पण हवेतला ओलावा शोषून फुगते. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात काटेकोर मापाने कापलेले नायलॉनचे चक्र घट्ट होऊ शकते, म्हणून दात्यांमध्ये थोडी अधिक मोकळीक ठेवावी. ॲसिटल हे प्लॅस्टिक ओलावा पुष्कळ कमी घेते. कापडाचे थर राळेत दाबून केलेले टफनॉलसारखे द्रव्यही जुन्या काळापासून दंतचक्रांसाठी वापरात आहे. ते आवाज दाबते आणि बऱ्यापैकी भार सोसते, आणि माझा स्वतःचा कल त्याच्याकडेच आहे. ज्याला पोलाद हवेच असेल त्याने ते जरूर बसवावे, पण मग मोटारीच्या मंडलात योग्य क्षमतेचा फ्यूज आहे याची आधी खातरजमा करावी. काहीजण दंतचक्रांचा मामलाच निकालात काढून त्या जागी पट्टा बसवतात, आणि तशी तयार जुळणीही या यंत्रासाठी मिळते. व्ही-आकाराचा पट्टा असेल तर भार बेताबाहेर गेला की तो घसरतो, काहीच तुटत नाही आणि यंत्र निःशब्दपणे चालते. मात्र मंद वेगात मोठ्या कटरला लागणारा जोर तसल्या पट्ट्याकडून पूर्णपणे मिळेलच असे नाही.

चक्र बसविताना हातोडी दूर ठेवावी. वीज तोडावी, सर्क्लिप काढण्यापूर्वी भागांचा क्रम कागदावर मांडून ठेवावा, आणि स्पिंडलवरचे चक्र बदलण्यासाठी दंड बेअरिंगांतून काढावयाचा असेल तर तो ठोकून नव्हे, दाबून काढावा; बेअरिंगच्या गोळ्यांवर एकदा टोला बसला की त्याची खरखर पुढे प्रत्येक कापावर उमटते. पेटीतले जुने ग्रीस रॉकेलने धुऊन संपूर्ण काढावे. येथे आळस करणे फार महागात पडते, कारण त्या ग्रीसमध्ये अडकलेला पोलादाचा बारीक कण मऊ प्लॅस्टिकच्या दात्यात रुतून बसतो आणि समोरच्या कठीण चक्रालाच कानशीसारखा घासत राहतो. मऊ चक्र शाबूत आणि पोलादी चक्र झिजलेले, असा चकित करणारा देखावा याच कारणाने दिसतो. सर्व जुळल्यावर स्पिंडल हाताने पूर्ण फेरे देऊन फिरवावा. कोठे जड, कोठे हलका लागला तर चक्राचे छिद्र मध्यावर नाही असे समजावे आणि ते परत करावे. नंतर मंद गतीत काही वेळ भाराविना चालवावे, आणि पहिला काप ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूत, हलका घ्यावा.

चक्र कापून घेणाराने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कारागिराचा बहुतेक वेळ कटर चढविण्यात, विभाजक मांडण्यात आणि जॉब मध्यावर आणण्यात जातो. प्रत्यक्ष दाते कापण्यास त्या मानाने थोडाच लागतो. तेव्हा एकाऐवजी दोन चक्रे सांगावीत, दोन्हींवर दात्यांची संख्या, मॉड्यूल आणि दाबकोन कोरून घ्यावेत, आणि दुसरे चक्र तेल लावलेल्या कागदात गुंडाळून यंत्राच्या पान्ह्यांबरोबर ठेवून द्यावे.