पाळत म्हणजे काय?

(शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत एका बाईनं विचारलं, "तुम्ही पाळत पाळत म्हणता, ते नेमकं काय?" आम्ही बोलत होतो मराठीत, ती विचार करत होती कोरकूत. तेव्हा आम्हाला नीट सांगता आलं नाही. आज सांगतो.

पाळत हा शब्द 'पाळणे'च्या घरचा आहे. आपण ढोरं पाळतो, लेकरू पाळण्यात घालतो. मूळ अर्थ सांभाळणे, राखणे. खाली अकोटकडं ळ चा य करतात, तिथं 'पायत' म्हणतात. पण "तो माह्या पायतीवर हाये" असं कोणी म्हटलं, तर तो सांभाळतोय असं कोणीच समजत नाही. सांभाळणाऱ्याची नजर आणि टपून बसलेल्याची नजर, दोन्ही एकाच घरातून निघाल्या. फरक एवढाच की पाळण्यातल्या लेकराला आई दिसते. पाळतीवरचा माणूस दिसत नाही.

'हेर' शब्दही जुना, संस्कृतात 'हेरिक' आहे. हेरणे म्हणजे नजरेनं धरून ठेवणे. बाजारात आपण बैल हेरून ठेवतो, त्यात वाईट काय? 'जासूद' अरबीतून आला. पेशव्यांच्या काळी पत्र पोचवायला आणि बातमी काढायला जासूद असत. 'खबर'ही अरबीच, त्यावरून खबऱ्या. धारणीकडं मुखबिर म्हणतात.

राजाला हेर लागतो तो शत्रूच्या मुलुखात. नरनाळ्याच्या बुरुजावरून टेहळणी व्हायची ती खालून येणाऱ्या फौजेची. मग सरकारला आपल्या गावात खबऱ्या कशाला लागतो? आपण कोणाची फौज?

याचं उत्तर कायद्यात आहे. इंग्रजांनी १८७१ साली काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. त्यांनी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. तो कायदा १९५२ ला गेला. पण चोरी कुठंही होवो, गाडी पहिल्यांदा पारधी बेड्यावरच येते, हे इथं बसलेल्या पारधी भावांना आम्ही काय सांगायचं! दुसरा कायदा १९२७ चा, जंगलाचा. त्याच्या कलम ६४ प्रमाणं नुसत्या वाजवी संशयावरून, वॉरंट नसताना माणूस धरता येतो. जंगल 'राखीव' झालं, राखणारा नाकेदार झाला, आणि आधीपासून राखत आलेला माणूस संशयित झाला. १९७४ ला मेळघाटात व्याघ्र प्रकल्प आला, तशी नजर आणखी वाढली.

आता एक गोष्ट सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. आपल्याच एका गावात एका पोरावर संशय आला. तो रोजंदारीवर जंगलखात्याच्या कामाला जायचा, म्हणून खबऱ्या तोच, असं ठरलं. त्याच्या घरच्या लग्नाला कोणी गेलं नाही. आम्हीही बैठकीत त्याच्याकडं बघून आवाज खाली केला. नंतर कळलं, कोणत्या पट्ट्यात कोण नांगर घालणार हे आपल्याच लोकांनी बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात मोठ्यानं सांगितलं होतं. आमचं चुकलं. पाळतीचा खरा मार हा असा बसतो. नाकेदार घरी झोपलेला असला तरी आपण एकमेकांवर पाळत ठेवायला लागतो.

म्हणून यापुढं बैठक उघड्यावर होईल. नाकेदारानं यावं, बसावं, ऐकावं. आपल्याकडं लपवायचं काही नाही. आपण हक्क मागतो आहोत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं तो दिला आहे. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये जंगल आणि जनावरं राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. शेतात जागलीला जातो तशी जंगलाची जागल, तीही आता कायद्यात आली.

आणि त्यांच्या पाळतीचा एक उपयोग ऐका. तुमच्या बापाला कधी अतिक्रमणाचा दंड झाला असेल, पावती फाडली असेल. त्यावर तारीख आहे, नाव आहे, कधी कंपार्टमेंटचा नंबरही असतो. म्हणजे त्या साली तुम्ही ती जमीन वाहत होता, हे त्यांनीच लिहून दिलं! कायदा मागतो १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा. पण एका कागदावर भागत नाही, एकाहून जास्त पुरावे लागतात. पावतीबरोबर म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब जोडा. शेतातली विहीर, बांध, पुरल्याची जागा, हेही चालतं. बायकांनी बोललं पाहिजे, वनहक्क समितीत एक तृतीयांश त्या असायलाच पाहिजेत.

तर पुढच्या बैठकीला येताना पेट्या उघडून पाहा. उंदरानं कुरतडलेली पावती असली तरी आणा. मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका, आमच्याही नाही. झेरॉक्स द्या, आणि दावा दिला की त्याची पोच मागून घ्या. त्या पोराला आम्ही कागद लिहायला बोलावलं आहे. त्याचं अक्षर चांगलं आहे.