कचरा मिसळण्याआधी



जव्हारपासून वीसेक किलोमीटरवर दाभोसा गावाजवळ लेंढी नदी जवळजवळ 300 फुटांवरून खाली झेपावते. पाऊस लागला की शनिवार-रविवारी मुंबई, ठाणे, नाशिककडच्या गाड्या तिथे लागतात. ही लेंढी पुढे दमणगंगेला मिळते. दमणगंगेचं पाणी मधुबन धरणात साठतं, तिथून वापी-सिल्वासाकडच्या वस्त्यांना आणि कारखान्यांना जातं, आणि धरणाखालची नदी दमणला समुद्राला मिळते. दाभोशाच्या खडकावर सोडून दिलेली पाण्याची बाटली पहिल्या मोठ्या सरीबरोबर या वाटेला लागते. कड्याखाली गेलेली वस्तू उचलायला कोणी उतरत नाही, आणि पावसाळ्यात उतरूही नये.

आता याच दमणगंगेच्या काठची दुसरी बाजू ऐका. वापीत जुना पुठ्ठा आणि रद्दी भिजवून, त्यांचा लगदा करून खोक्यांचा खाकी कागद बनवणाऱ्या गिरण्या आहेत. आपल्या देशातल्या कागद गिरण्यांना इथली रद्दी पुरत नाही, म्हणून ती परदेशातून जहाजांनी आणावी लागते. जो पुठ्ठा आपण दाभोशाला भिजून कुजायला टाकतो, तसाच पुठ्ठा समुद्रापलीकडून विकत आणला जातो. एकच वस्तू मिसळण्याआधी माल असते आणि मिसळल्यावर कचरा होते. यंत्रं, योजना, अनुदानं हे सगळं नंतरचं. आधी तो मिसळण्याचा क्षण टाळता आला पाहिजे.

पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी धबधब्याच्या वाटेवर पडलेलं सगळं एका गोणीत भरलं, तर तिच्यात काय असतं? पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची चकचकीत पाकिटं, रश्शाने माखलेल्या कागदी डिशा, उरलेला बिर्याणीचा भात, पुठ्ठ्याची खोकी, बिअरच्या बाटल्या, एखादा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन, लहान मुलाचं डायपर. यातल्या बहुतेक वस्तू सुट्या आणि कोरड्या असत्या तर त्यांना गिऱ्हाईक होतं. कॅन तर भंगारवाला हसत घेतो, कारण खनिजापासून अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जेमतेम 5 टक्क्यांत जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवून नवं करता येतं. बिअरची धड बाटली धुऊन पुन्हा भरली जाते. पण गोणीचं तोंड बांधलं आणि ती चार दिवस पावसात राहिली की आत काय होतं बघा. भाताचं आणि रश्शाचं पाणी पुठ्ठ्यात झिरपतं. तेल एकदा कागदाच्या तंतूत बसलं की लगद्याच्या हौदात ते सुटत नाही, आणि तसा पुठ्ठा गिरणी नाकारते. काच फुटते आणि तिचे कण प्रत्येक गोष्टीत शिरतात. ज्या भाताचं चार-सहा आठवड्यांत उत्तम खत झालं असतं, त्यात आता काच आहे, म्हणून तो शेतात टाकता येत नाही. आणि त्या एका डायपरमुळे गोणीत हात घालायला कोणी तयार होत नाही. सगळ्याच वस्तूंनी एकमेकींचं मोल घालवलेलं असतं.

एकटी बाटली घेतली तरी ती एक वस्तू नसते. बाटली पेट नावाच्या प्लॅस्टिकची, झाकण दुसऱ्याच प्लॅस्टिकचं, गळ्याशी राहिलेलं कडं झाकणाच्या जातीचं, आणि भोवतीचं लेबल तिसऱ्याच कशाचं तरी. हे घरी करून बघण्यासारखं आहे. बाटलीचा आणि झाकणाचा एकेक तुकडा कापून पाण्याच्या बादलीत टाका. बाटलीचा तुकडा तळाला जातो, झाकणाचा वर तरंगतो. पेट पाण्यापेक्षा जड असतं, झाकणाचं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं. बाटल्यांचा चुरा करणाऱ्या कारखान्यात याच युक्तीने मोठमोठ्या हौदांत झाकणं आणि बाटल्या वेगळ्या होतात. पण ही युक्ती सगळीकडे चालत नाही. पीव्हीसी नावाचं प्लॅस्टिकही पेटसारखंच बुडतं. पेट वितळायला अडीचशे अंशांच्या वर उष्णता द्यावी लागते, आणि तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी जळून आम्लाचा वायू सोडतं. त्याचे थोडेसे तुकडे चुकून राहिले तरी पुष्कळ पेट पिवळं पडतं, ठिसूळ होतं. म्हणून यंत्र कितीही महागाचं असलं तरी निवडणाऱ्या माणसाची नजर आणि बोटं लागतातच. भंगाराच्या धंद्यातली अनुभवी बाई प्लॅस्टिक हातात चुरगाळून त्याच्या आवाजावरून सांगते की ही पन्नी म्हणजे पातळ पिशवी आहे, हे कडक आहे, याचा वितळवून दाणा होईल, याचा होणार नाही.

वेफर्सचं पाकीट हे यातलं सगळ्यात अवघड प्रकरण. डोळ्यांना एकच पातळ कागद दिसतो, पण त्यात प्लॅस्टिकचे दोन-तीन थर, मध्ये शाई आणि आतून धातूचा इतका विरळ थर असतो की तो खरवडूनही हाती लागत नाही. हे थर सुटे करणं आज परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. त्याची विल्हेवाट लावायचे दोनच बरे मार्ग आहेत. एक, सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळणं. तिथे 1,400 अंशांच्या वर उष्णता असते, आणि राख सिमेंटमध्येच जिरते. पण महाराष्ट्रातले मोठे सिमेंट कारखाने चंद्रपूर-सोलापूरकडे, जव्हारपासून फार लांब. दुसरा मार्ग डांबरी रस्त्याचा. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी प्लॅस्टिकचा बारीक चुरा तापलेल्या खडीवर पसरून तिला त्याचं पातळ आवरण चढवायची पद्धत बसवली. त्यासाठी त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली. अशा खडीला डांबर घट्ट धरतं, आणि डांबर थोडं कमीही लागतं. जव्हार-मोखाड्याच्या घाटरस्त्यांची दर पावसाळ्यात जी चाळण होते ती ज्यांनी सोसली आहे, त्यांना हे ऐकून आशा वाटेल. मलाही वाटते. पण त्यासाठी चुरा कोरडा, स्वच्छ आणि पीव्हीसी वगळलेला हवा. फिरून आपण निवडण्यापाशीच येतो.

दाभोशाच्या पाड्यांवर कचऱ्याचा प्रश्न पूर्वी नव्हता, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शेण उकिरड्यात, उष्टं गुराला किंवा कोंबडीला, पळसाची पत्रावळ जेवणानंतर उकिरड्यात. पालापाचोळा, गवत आणि शेण शेताच्या एका तुकड्यावर पसरून उन्हाळ्यात राब भाजायचा आणि त्या राखेत भाताची, नागलीची रोपं करायची. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती, आणि सगळ्या वस्तू कुजणाऱ्या होत्या. एकत्र पडल्या तरी बिघडत नव्हतं. प्लॅस्टिक आलं आणि ते याच जुन्या वाटांनी गेलं. पिशव्या उकिरड्यातून शेतात पोचल्या. पाकिटं राबाच्या पाचोळ्यात मिसळून जळू लागली. चूल पेटवायला चुलीत पिशवी सरकवणं तर कितीतरी घरांत चालतं, कारण ती चटकन पेट घेते. हे थांबलंच पाहिजे. त्या धुरात, विशेषतः पीव्हीसी असेल तर, डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक द्रव्यं असतात, आणि तो धूर पहिल्यांदा चुलीपुढच्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या मुलाच्या छातीत जातो. कुपोषणाशी झगडणाऱ्या जव्हार-मोखाडा तालुक्यांत तरी हे आपण चालवून घेता कामा नये.

कचरा मिसळू न देणं खरंच जमतं का, असं विचाराल. जमलेलं आहे. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याला 2015 च्या सुमारास नगरपरिषदेचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी आधी घराघरांत कचरा वेगळा ठेवायला लावला, आणि मगच तो उचलायला सुरुवात केली. डेपोवर आलेला कचरा पुन्हा वीसहून अधिक प्रकारांत निवडला जाई. ओल्या कचऱ्यापासून गॅस, गॅसपासून वीज, त्या विजेवर तिथली यंत्रं. प्लॅस्टिकचा चुरा रस्त्यांसाठी. जिथे पूर्वी नाक धरून जावं लागे, त्या डेपोचं ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ झालं आणि लोक ते बघायला येऊ लागले. 2011 च्या जनगणनेत वेंगुर्ल्याची वस्ती होती 12 हजारांच्या थोडी वर. जव्हार शहराचीही तेवढीच होती. 1918 पासून नगरपरिषद असलेल्या जव्हारला हे पेलणार नाही असं मी मानत नाही.

दाभोशाचं मात्र वेगळं आहे. तिथे नगरपरिषद नाही, ग्रामपंचायत आहे. वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली. कचऱ्याचा मोठा भाग गावाचा नाहीच, पाहुण्यांचा आहे. आणि तो येतो नेमका पावसाळ्यात, जेव्हा काहीच कोरडं राहत नाही. म्हणून माझ्या मते दाभोशाला पहिली गरज यंत्राची नाही, छपराची आहे. वाटेच्या तोंडाशी, गाड्या लागतात तिथे, पत्र्याची एक शेड, जमिनीपासून उंच उचललेला ओटा, आणि चार वेगळे कप्पे: बाटल्या, काच आणि कॅन, पुठ्ठा, पाकिटं. उष्ट्यासाठी बाजूला झाकणाचा खड्डा, आणि डायपरसारख्या वस्तूंसाठी झाकणाचं वेगळं पिंप. एवढ्याने निम्मं काम होईल.

उरलेलं निम्मं वाहतुकीचं. लिटरभर पाण्याची रिकामी बाटली वीस-पंचवीस ग्रॅमची असते, किलोला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. टेम्पोभर न दाबलेल्या बाटल्या म्हणजे टेम्पोभर हवा, आणि हवेचं डिझेल कोण भरणार? गठ्ठे बांधणारं दाबयंत्र तालुक्याला एक असलं तरी पुरतं. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागातल्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यासाठी प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची आणि त्यासाठी 16 लाख रुपयांपर्यंतच्या निधीची तरतूद केली गेली. जव्हार आणि मोखाडा हे दोन शेजारी तालुके एका मार्गावर माल गोळा करू लागले, तर गाडी भरून निघेल. शिवाय 2022 च्या नियमांनी पाकिटं बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर त्यांच्या प्लॅस्टिकची पुढची जबाबदारी टाकली आहे. त्यापोटी कंपन्या देतात तो पैसा आज बहुतेक शहरांभोवतीच फिरतो. डोंगरातल्या पाकिटाचा वाहतूक खर्चही त्यातूनच निघाला पाहिजे, कारण ते पाकीट दाभोशात तयार झालेलं नाही.

आणि पाहुण्यांचं काय? नुसत्या पाट्यांनी फारसं होत नाही. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात जंगलात दारूच्या फुटक्या बाटल्यांनी हत्तींचे पाय कापले जात होते. तिथे मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून 2022 साली सरकारी दुकानातल्या प्रत्येक बाटलीवर 10 रुपये जादा घ्यायला लागले. रिकामी बाटली आणून दिली की 10 रुपये परत. बाटल्या परत येऊ लागल्या. दाभोशाला गाडीमागे अशी अनामत ठेवता येईल. येताना गाडीतल्या बाटल्या आणि पाकिटं मोजून घ्यायची, जाताना दाखवली की पैसे परत. जव्हार-मोखाडा हा आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखालचा भाग आहे, इथल्या ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. ग्रामसभेने ठराव करून हा प्रस्ताव तहसील आणि वन विभागासमोर ठेवावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्याबरोबरच वाटेवरच्या जेवणाच्या टपऱ्यांवर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण परत यावेत. ते लावायला बोटांत कसब लागतं, आणि ते कसब अजून पाड्यांवर आहे.

शेवटी शेडमध्ये बसून हे सगळं निवडणार कोण? उत्तर बहुतेक वेळा गावच्या बचत गटाच्या बाया हेच असतं. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा कचरा वेचणाऱ्या बायांची पहिली मागणी होती की आम्हाला कामगार म्हणा, ओळखपत्र द्या. पुढे त्यांनीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढली आणि 2008 मध्ये महानगरपालिकेबरोबर करार करून घरोघरचा कचरा त्या रीतसर उचलू लागल्या. दाभोशाच्या बायांनाही पहिल्या दिवसापासून हातमोजे, बूट, धनुर्वाताची लस आणि ओळखपत्र मिळायला हवं. त्यांची मजुरी मात्र मालाच्या किलोवर ठेवू नये. बाटल्या, काच, पुठ्ठा भराभर किलो भरतात, पण वेफर्सची दोनशे पाकिटं वेचली तरी काटा जेमतेम एका किलोवर येतो. किलोवर पैसे दिले तर पाकिटं वाटेवर तशीच राहतील, आणि पुढच्या सरीला लेंढीत जातील. मजुरी दिवसावर द्यावी, मालाच्या विक्रीचे पैसे गटाकडे वेगळे जमावेत, आणि त्यांचा हिशोब दर महिन्याला ग्रामसभेत वाचला जावा.