बंदिवानाचा जामीनदार



परिषदेच्या अध्यक्षाने विषयाच्या सर्व अंगांचा परामर्श घ्यावा असा शिरस्ता आहे, आणि तो मी मोडणार आहे. बंदिवानाच्या मनाचा क्षोभ शमावा व सुटकेनंतर त्याचे पाऊल पुन्हा आडवाटेला पडू नये म्हणून जे प्रयत्न होतात, त्यांच्या मागे हमी कोणाची असते, एवढाच प्रश्न मी घेणार आहे. आणि त्याचे विवेचन सौदी अरेबियाच्या आधाराने करणार आहे.

12 मे 2003 रोजी रियाधमधील परदेशी रहिवाशांच्या वसाहतींवर बॉम्बहल्ले झाले. धरपकड झाली, तुरुंग भरले, आणि या तरुणांचे पुढे करायचे काय, हा प्रश्न गृहखात्यापुढे उभा राहिला. त्यातून ‘मुनासहा’ नावाचा उपक्रम निघाला, ज्यात धर्मपंडित, मानसशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ यांच्या समित्या कैद्यांशी प्रदीर्घ संवाद करू लागल्या. काही वर्षांतच रियाधमध्ये स्वतंत्र पुनर्वसन केंद्र स्थापन झाले व त्या वेळी गृहखात्यात सुरक्षेचा कारभार पाहणारे राजपुत्र मोहम्मद बिन नाएफ यांचे नाव त्यास मिळाले. तेथे धर्मशास्त्राचे पाठ होते, खेळ होते आणि, चित्रकलेविषयी तेथील धर्मपरंपरेत असलेला संकोच ध्यानी घेता आश्चर्य वाटावे अशी गोष्ट म्हणजे, चित्रांद्वारे उपचारही होते. अमेरिकेत या शास्त्राचे शिक्षण घेतलेले अवाद अल-यामी यांनी कैद्यांच्या हाती रंग दिले. चौकशीच्या खोलीत जो क्रोध आणि जी भीती शब्दांत उतरत नाही, ती कागदावर उतरावी, हा त्यामागील हेतू.

परंतु माझ्या मते या उपक्रमाचे मर्म रंगांत नाही, पाठांतही नाही. ते कुटुंबाच्या सहभागात आहे. कर्ता पुरुष कैदेत असता त्याच्या घरच्यांच्या निर्वाहाची तजवीज सरकार करी, भेटीगाठींना उत्तेजन देई, सुटकेनंतर नोकरीची, क्वचित लग्नाचीही, सोय पाही, आणि त्या बदल्यात घरच्या वडीलधाऱ्यांकडून त्याच्या वर्तनाची हमी घेई. ज्या समाजात व्यक्तीची पत कुळाच्या पतीवर उभी असते, तेथे असा जामीन कोणत्याही मुचलक्याहून जड ठरतो. यात माया आहे तशी जबरदस्तीही आहे, हे विसरून चालणार नाही. मुलाच्या अपराधाचे ओझे बापाच्या मानेवर ठेवणे हा उपचार की ओलीसपणा, याचा निवाडा मला तरी सहजी करता येत नाही.

अपयशही घडले. ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगातून परत आलेला आणि या उपक्रमातून बाहेर पडलेला सईद अल-शिहरी जानेवारी 2009 मध्ये येमेनमधील अल-कायदाचा उपनेता म्हणून चित्रफितीत प्रकट झाला. फेब्रुवारीत सरकारने जाहीर केलेल्या 85 फरारींच्या यादीत ग्वांतानामोहून परतलेले 11 जण होते. त्याच ऑगस्टात शरण येण्याच्या मिषाने आलेल्या एकाने जेद्दामध्ये खुद्द राजपुत्रापुढे आत्मघाती स्फोट केला, ज्यातून राजपुत्र किरकोळ दुखापतीवर बचावले. तरीही उपक्रम बंद झाला नाही, हे मला प्रशंसनीय वाटते. खटल्यावाचून दीर्घकाळ डांबलेल्यांना समुपदेशन देणे हे न्यायाला पर्याय ठरू शकत नाही, हा मानवाधिकार संघटनांचा आक्षेप मात्र मला यथार्थ वाटतो. दैवगती अशी, की ज्यांचे नाव केंद्राने धारण केले ते मोहम्मद बिन नाएफ 2017 मध्ये युवराजपदावरून दूर झाले आणि मार्च 2020 मध्ये स्वतःच अटकेत पडल्याचे वृत्त जगभर प्रसिद्ध झाले.

आता आपल्या माणसांकडे वळतो. चाकरीसाठी आखातात गेलेला कोकणातला किंवा मराठवाड्यातला मजूर तेथे एखाद्या गुन्ह्यात सापडला, तर त्याचे कुळ हजारो कोस दूर असते. भाषा परकी, वकील परका, आणि ज्या कौटुंबिक हमीवर तो सारा उपक्रम उभा आहे, ती देणारा वडीलधारा त्याला तेथे कोठून मिळणार? 2010 मध्ये भारत व सौदी अरेबिया यांच्यात शिक्षा झालेल्या कैद्यांच्या हस्तांतराचा करार झाला. उरलेली मुदत मायदेशी भोगण्याची वाट त्याने मोकळी केली. पण कागदावरील वाटेने घरी पोहोचण्यास उभय सरकारांची संमती, अंतिम निकाल आणि कैद्याची स्वतःची इच्छा, इतके टप्पे ओलांडावे लागतात.

परतलेला कैदी येथे तरी घरच्यांत राहील काय? सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आठवा. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी 1939 मध्ये वसविलेल्या या वसाहतीत कैदी भिंतीवाचून, बायकामुलांसह, शेती करीत राहू लागले. दिग्दर्शक शांताराम आणि लेखक माडगूळकर यांनी 1957 मध्ये त्यावर चित्रपट उभा केला, आणि आम्ही चित्रपटाला टाळ्या देऊन मोकळे झालो. सौदी केंद्राच्या तुलनेत स्वतंत्रपुरापाशी पैसा नगण्य होता, पण त्याने कुटुंबाला जामीनदार न करता सहवासी केले, हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

दुपारच्या सत्रात जो ठराव मांडला जाणार आहे, त्यात दोन कलमे घालावीत, अशी माझी सूचना आहे: करारान्वये आखातातून परतणाऱ्या पात्र कैद्यांना खुल्या वसाहतींत जागा मिळावी, आणि हस्तांतराचा अर्ज निघताच जिल्ह्याच्या परिवीक्षा अधिकाऱ्याने कैद्याच्या घरी जाऊन, हमीपत्र मागण्यापूर्वी, घरच्यांवर कर्ज किती आहे आणि मुले शाळेत जातात की नाही, याची चौकशी करावी.