स्टंपवरचा रुपया



मुलांना शिस्त लावायचा विषय निघाला की मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक हमखास सचिन तेंडुलकरचे प्रशिक्षक आचरेकर सर यांच्या थपडेचा दाखला देतात. सचिननं स्वतःच अनेकदा सांगितलेला हा किस्सा. सरांनी ठरवून दिलेला सामना बुडवून तो शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला वानखेडेवर गेला. सरांनी तिथंच एक ठेवून दिली आणि सुनावलं, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवत बसू नकोस, लोक तुझ्यासाठी वाजवतील असं खेळ. किस्सा सांगणारे इथंच थांबतात.

पण त्याच सरांच्या शिवाजी पार्कातल्या सरावाचा शेवट कसा व्हायचा? पोरगं दमलं की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. बाद करील त्याचा रुपया. नाबाद राहिला तर फलंदाजाचा. अशी 13 नाणी सचिननं जपून ठेवली आहेत. थकलेल्या मुलाचं लक्ष चेंडूवर खिळवून ठेवायचं, तेही आवाज न चढवता! शिवाय सचिनला स्कूटरवर मागे बसवून सर एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. थप्पड एकदाची होती, ही धावपळ नेहमीची. आपले काही प्रशिक्षक नक्कल करतात ती नेमकी थपडेची. शाळेत तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायलाच काय, मुलाचा मानसिक छळ करायलाही बंदी आहे.

‘छान खेळलास’ असं मात्र सर कधी म्हणाले नाहीत. 2013 साली निरोपाच्या भाषणात सचिननं हे हसत हसत सांगितलं. सर खूश झाले की भेळपुरी, पाणीपुरी खायला न्यायचे, त्यावरून ओळखायचं! मला हा कंजूषपणा पटत नाही. अकरा वर्षांच्या पोरानं सूर मारून झेल घेतला, तर दोन शब्द बोलायला काय जातं?

सरांची मला सगळ्यात भावलेली गोष्ट पहिल्या दिवसाची. सर समोर उभे, त्यामुळे सचिन बिचकला, खेळणं जमेना. भाऊ अजितनं विनंती केली, तेव्हा सर बाजूला झाले आणि झाडाआडून बघत राहिले. मग मुलगा मोकळा खेळला.

तेव्हा प्रशिक्षकांनो, उशिरा आलेल्या पोराला मैदानाच्या फेऱ्या जरूर मारायला लावा. पण आधी ते कुठून, कितीच्या लोकलनं येतं, एवढं विचारा. आणि आईबाबांनो, नेटला चिकटून उभे राहू नका. जरा लांब बसा.