मुलीसाठी पथक निवडताना

मुलगी दहा वर्षांची झाली आणि शाळेतून वीरबाला-पथकाचे पत्रक घरी आले, की सुशिक्षित कुटुंबात दोन प्रश्न हमखास निघतात : गणवेशाला खर्च किती, आणि अभ्यास तर बुडणार नाही ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांहून महत्त्वाचा प्रश्न क्वचितच विचारला जातो : या पथकात मुलीला स्वतः निर्णय घेण्याची संधी मिळते काय?

या चळवळीचा उगमच मुलींच्या निर्धारात आहे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मेळावा भरला, तेव्हा काही मुली आपण होऊन तेथे गेल्या आणि आपल्यालाही सामील करून घ्यावे, असा त्यांनी बेडन-पॉवेल यांच्यापाशी आग्रह धरला. पुढील वर्षी मुलींसाठी निराळी संस्था निघाली. १९११ साली जबलपूर येथे भारतातील पहिले पथक उभे राहिले. आज भारत स्काउट्स आणि गाईड्स या संस्थेत दहा वर्षांखालील मुलींना ‘बुलबुल’ म्हणतात, त्यापुढील मुलींना ‘गाईड’. सहा ते आठ मुलींची एक टोळी, आणि तिची नायिका त्यांच्यातीलच एक मुलगी, हे या पद्धतीचे मर्म होय. मुलगे व मुली यांनी एकत्र खेळावे असे ज्या पालकांना वाटते, त्यांच्यासाठी १९४१ साली उभे राहिलेले राष्ट्र सेवा दलही आहे.

तथापि केवळ नावावरून निवड करू नये. आईवडिलांनी एक सायंकाळ पथकाच्या मैदानावर काढावी. टोळीनायिका खरोखर काम वाटून देते, की शिक्षिकाच सर्व हुकूम सोडतात? मागे राहणाऱ्या मुलीला कोणी हात देते, की तिची थट्टा होते? शिबिरात मुलींसोबत कोण स्त्रिया राहतात, मुक्काम कोठे असतो, दुखापत झाल्यास व्यवस्था काय, हे स्पष्ट विचारावे. उत्तर देताना जे पथक कुरकुरेल, ते सोडून द्यावे. मुलीला दोनचार वेळा जाऊ द्यावे आणि मग तिचेच मत घ्यावे.

खरी कसोटी मात्र पुढे घराचीच असते. पहिल्या शिबिरात मुलीच्या हातून भात करपेल, कदाचित तंबूही कोसळेल. ती परत आल्यावर तिला हसण्याऐवजी घरातील एखादे काम पुरतेपणी तिच्या स्वाधीन करावे. मैदानावर नायिका आणि घरात केवळ आज्ञाधारक, अशा दुहेरी शिक्षणातून मुलगी इतकेच शिकेल, की स्वावलंबन हाही एक गणवेश आहे. घरी येताच तो उतरवून ठेवायचा असतो.