संगणकास वीज किती पुरवावी?

बारामतीस अभियांत्रिकी शिकणारा मुलगा संगणकांत नवें ग्राफिक्स कार्ड बसवितो आणि पॉवर सप्लायची जुनी पेटी तशीच ठेवतो. उजनीच्या पाण्यावर पंप बसविणारा इंदापूरचा शेतकरी अगोदर केबल आणि स्टार्टर पाहतो. तेवढा विचार येथें क्वचितच होतो. मग ऐन कामांत यंत्र एकाएकीं बंद पडतें आणि दोष कार्डाच्या माथीं बसतो.

हिशेब अवघड नाहीं. आरटीएक्स ४०६० हें कार्ड ११५ वॉट घेतें. मदरबोर्डाच्या खांचेंतून ७५ वॉटच मिळतात. उरलेले आठ पिनांच्या तारेनें यावयाचे, तिची मर्यादा १५०. प्रोसेसरचे १२० आणि इतर भागांचे ६० धरले तरी बेरीज ३०० च्या आंत राहते. परंतु कार्ड क्षणभर याहून अधिक ओढतें, म्हणून निर्माते ५५० वॉटची पेटी सांगतात.

मात्र पेटीवरील मोठ्या आंकड्यास भुलूं नये. १२ व्होल्टांपुढें किती अँपिअर लिहिले आहेत तें वाचावें. तेथें १८ असतील तर गुणाकार २१६ वॉटच. वर ‘५००’ छापलेलें असो. याला मी लबाडीच म्हणतों. अशी पेटी जळतांना बापानें पैसे साठवून घेतलेलें कार्डही सोबत जाण्याचा संभव असतो.

मोठ्या पेटीनें बिल वाढतें ही भीति व्यर्थ आहे; ती लागेल तेवढीच वीज घेते. गांवांत संध्याकाळीं व्होल्टेज उतरत असेल, तर १०० ते २४० व्होल्टांवर चालणारी पेटी मागावी. केवळ २०० च्या वर चालणारी अशा वेळीं प्रथम दगा देते.