फोन आपला गडी, की आपण त्याचे?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाच्या बैठकीत मी फोनवर बोलणार म्हटल्यावर काही जण हसले. हसा. पण माझे पैसे गेले आहेत, म्हणून बोलतो.

वेचलेला १२ क्विंटल कापूस घरात होता. रात्री साडेदहाला फोनवर निरोप आला, "उद्यापासून भाव पडणार, माल काढा." कुणी लिहिला, कोणत्या बाजाराचा, काही पत्ता नाही. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी दारात आलेल्या खेडा खरेदीवाल्याला माल घालून मोकळा झालो. दुपारी बाजार समितीत विचारले, तर भाव जागच्या जागी. क्विंटलमागे ३०० रुपये, म्हणजे ३,६०० रुपये एका निरोपाने गेले.

१९९५ साली देशात मोबाइल आला, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. २००३ पासून येणारा फोन फुकट झाला. फुकट म्हणून आपण उचलत गेलो आणि आता झोपेने, वेळेने, मालाने त्याचे पैसे फेडतो. आपल्या मालाचा भाव दुसऱ्याने ठरवू नये, असे आपण म्हणतो. मग आपल्या घरातली रात्र दुसऱ्याने का ठरवावी?

त्या दिवसापासून माझ्या घरात चार नियम आहेत.

एक, जेवण झाले की फोन कोनाड्यात. रात्रीच्या निरोपावर सकाळी सौदा नाही; आधी बाजार समितीत स्वतः चौकशी. हमीभावाचा आकडा पाठ ठेवायचा. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा ८,११० आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये क्विंटल होता. हमीभाव म्हणजे रास्त भाव नव्हे. पण अफवा तोलायला काटा तरी हाताशी राहतो.

दोन, फवारणीच्या वेळी फोन खिशात नाही, धुऱ्यावर पिशवीत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. औषधाचा हात फोनला, फोन गालाला आणि संध्याकाळी तोच फोन लेकराच्या हातात! साबणाने हात धुतल्याशिवाय फोनला शिवायचे नाही.

तीन, अनुदानाच्या, विम्याच्या नावाने अनोळखी नंबरवरून आलेली फाइल उघडायची नाही. ओटीपी सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या नंबरवर कळवा.

चार, घरधनिणीच्या खात्याला तिचाच नंबर. लक्ष्मीमुक्तीत सातबाऱ्यावर तिचे नाव लावले, पण बँकेचा निरोप आपल्याच खिशात वाजत असेल, तर ती मुक्ती अर्धीच राहिली.

फोन फेकून द्या, असे मी म्हणत नाही. कामाचा गडी आहे तो. पण गड्याने मालकाला रात्री उठवून "माल विक" म्हणावे आणि मालकाने ऐकावे, हे कुठल्या शेतात चालते?

आज घरी गेल्यावर आधी कोनाडा ठरवा.